नव्या दगडाचें घराणें

कल्याणहून कर्जतच्या दिशेनें जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक मागें पडतात, आणि उजव्या हातास प्रथम मलंगगड व पुढें चंदेरीचा सुळका दिसूं लागतो. या डोंगरांचा दगड काळा आहे. रुळांखालची खडी काळी आहे, जुन्या घरांचीं जोतीं काळ्या दगडाचीं आहेत, आणि ज्याच्या शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ कोरलेला आहे तें अंबरनाथचें प्राचीन शिवमंदिरहि याच काळ्या पाषाणाचें घडविलेलें आहे. खडी वाहणाऱ्या मजुराला, जोतें बांधणाऱ्या गवंड्याला आणि तुम्हांआम्हांला हा सारा दगड एकाच जातीचा दिसतो.

भूगर्भशास्त्रज्ञाला मात्र तो तसा दिसत नाहीं. त्याच्या मतें या काळ्या दगडांत अनेक घराणीं आहेत. एखादा नवा दगड हातीं आला म्हणजे तो विचारतो, "हा कोणत्या घराण्याचा?" या प्रश्नाचें उत्तर कसें काढावें, हें शिकविणारें एक शास्त्र आहे, आणि आज संगणकांच्या द्वारें तेंच शास्त्र दगडांनाच नव्हे तर माणसांनाहि लावलें जात आहे. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं त्याचें मर्म समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें. त्यांतील एक प्रश्न सर्वांना सुचतो: नवा आलेला कोणाच्या सर्वांत जवळ आहे? दुसरा प्रश्न फार थोड्यांना सुचतो: सर्वांत जवळ असला तरी तो खरोखर त्यांच्यापैकीं आहे काय? या लेखाचा सारा रोख त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

सह्याद्रींतील घराणीं

प्रथम दगडांची हकीकत ऐका. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला, दूरवर पसरला व गोठला. त्यावर पुन्हां नवा रस आला. असे असंख्य प्रवाह एकावर एक रचले जाऊन दख्खनचें पठार व सह्याद्रीचे कडे तयार झाले. आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि या दगडानें आच्छादिलेली आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात.

१९८० नंतरच्या दशकांत भारतीय, ब्रिटिश व अमेरिकन शास्त्रज्ञ सह्याद्रीच्या घाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत गेले. त्यांनीं ठिकठिकाणचे नमुने घेतले, ते कोणत्या उंचीवर सांपडले हें टिपून ठेविलें, आणि प्रयोगशाळेंत प्रत्येक नमुन्याचें पृथक्करण केलें. १९८५ सालीं कॉक्स व हॉक्सवर्थ यांनीं महाबळेश्वरच्या थरांविषयीं, आणि १९८६ सालीं बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव व वॉल्श यांनीं पश्चिम घाटाच्या थरांविषयीं आपले निबंध प्रसिद्ध केले. यांतील प्राध्यापक सुब्बाराव हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील होते. अशा अनेकांच्या परिश्रमानें या प्रवाहांचे थर-समूह निश्चित झाले. खालून वर जातांना त्यांचीं नांवें सामान्यतः अशीं सांगतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा व देसूर. एकूण बारा घराणीं झालीं. यांपैकीं नेरळ हें तर बदलापूरच्या पुढचें तिसरें स्थानक. तें नांव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसलें आहे.

दिसावयास सारखे असलेले हे दगड वेगळे कशावरून ठरले? एक उदाहरण घेऊं. स्ट्रॉन्शियम नांवाचें एक मूलद्रव्य दगडांत अल्प प्रमाणांत असतें. त्याच्या अणूंचे निरनिराळ्या वजनांचे प्रकार आहेत. त्यांना समस्थानिक म्हणतात. पैकीं ८७ वजनाचे व ८६ वजनाचे अणु यांचें गुणोत्तर काढतां येतें. भूखंडाच्या फार जुन्या खडकांत रुबिडियम नांवाचें द्रव्य हळूहळू पालटून ८७ वजनाचें स्ट्रॉन्शियम बनत असतें. म्हणून जुन्या खडकांत हें गुणोत्तर वाढलेलें आढळतें. शिलारस खोलांतून वर येतांना वाटेंतले जुने खडक वितळवून पोटांत घेतो. ज्या रसानें असा खाऊ अधिक खाल्ला त्याचें गुणोत्तर अधिक. अंबेनळी घराण्यांत तें ०.७०४ च्या आसपास असतें, तर बुशे घराण्यांत ०.७१३ हूनहि अधिक भरतें. फरक केवळ ०.००९ चा, पण तेवढ्यावरून एकानें वाटेंत फारसें कांहीं खाल्लें नाहीं व दुसऱ्यानें पोटभर खाल्लें, हें कोट्यवधि वर्षांनंतर कळून येतें.

मात्र एवढ्या एका मापावर सर्व काम भागत नाहीं. खंडाळा व पोलादपूर या दोन घराण्यांत या गुणोत्तराचे पल्ले एकमेकांत शिरलेले आहेत. तेव्हां टिटॅनियम, बेरियम इत्यादि द्रव्यांचीं मापेंहि घ्यावीं लागतात. कोणता थर वर आणि कोणता खालीं हें पाहावें लागतें. कांहीं थरांत मोठमोठे स्फटिक असतात, तेहि खुणेसारखे उपयोगी पडतात. एका खुणेवरून घराणें ठरत नाहीं, अनेक खुणांच्या जुळणीवरून ठरतें, हा पहिला धडा.

पुंजके पाडण्याची रीत

आतां मापांवरून घराणीं कशीं पाडावींत, तें गणितानें पाहूं. सह्याद्रीचीं घराणीं शास्त्रज्ञांनीं यंत्रावर सोंपवून पाडलेलीं नाहींत. त्यांत डोंगर चढणाऱ्यांची नजर व विवेक यांचा मोठा भाग आहे. तथापि विचाराचा गाभा एकच असल्यामुळें यंत्राची रीत समजून घेणें उपयोगाचें होईल. पुढील आंकडे खऱ्या दगडांचे नसून केवळ शिकविण्याच्या सोयीसाठीं घेतलेले आहेत.

समजा, आपल्यापुढें सहा दगड आहेत आणि प्रत्येकाचीं दोन मापें आहेत: पहिला (१, २), दुसरा (२, १), तिसरा (३, ३), चौथा (८, ७), पांचवा (९, ९) व सहावा (१०, ८). आलेखाच्या कागदावर हे सहा बिंदु मांडा. त्यांचे दोन पुंजके पाडावयाचे असें आपण ठरवूं. पुंजके किती, हें येथें यंत्र सांगत नाहीं. तें आपण सांगतों, हें ध्यानांत ठेवा.

आरंभीं कोणतेहि दोन दगड तात्पुरते मध्यबिंदु म्हणून घ्या. आपण पहिला व तिसरा घेऊं. आतां प्रत्येक दगडाचें दोन्ही मध्यांपासूनचें अंतर काढा. पायथागोरसच्या सिद्धान्तानें अंतराचा वर्ग निघतो. केवळ तुलना करावयाची असल्यानें वर्गमूळ काढण्याची जरूरी नाहीं. दुसऱ्या दगडाचें पहिल्या मध्यापासून १ + १ = २, व दुसऱ्या मध्यापासून १ + ४ = ५; म्हणून तो पहिल्याकडे गेला. चौथा, पांचवा व सहावा हे तिसऱ्या दगडाला जवळचे असल्यानें तिकडे गेले. झाले दोन पुंजके: एकांत दोन दगड, दुसऱ्यांत चार.

पुढें प्रत्येक पुंजक्याची सरासरी काढून तिलाच नवा मध्य माना. पहिल्याचा मध्य (१.५, १.५) येतो, दुसऱ्याचा (७.५, ६.७५). पुन्हां अंतरें मोजा. आतां तिसऱ्या दगडाची गंमत पाहा. पहिल्या मध्यापासून त्याच्या अंतराचा वर्ग ४.५, आणि दुसऱ्यापासून ३४.३१. म्हणजे ज्या पुंजक्याचा तो आरंभीं मध्य होता, तो सोडून तो दुसऱ्या बाजूला गेला! पुन्हां सरासरी काढली म्हणजे मध्य (२, २) व (९, ८) असे येतात. तिसऱ्या खेपेस कोणीहि जागा बदलीत नाहीं, म्हणून आपण थांबतों. आरंभ चुकला होता, तरी पुन्हांपुन्हां मोजल्यानें चूक आपोआप दुरुस्त झाली. प्रत्येक वेळीं अशी दुरुस्ती होईलच असें मात्र नाहीं. म्हणून जाणते लोक निरनिराळ्या आरंभांपासून हीच कृति अनेकदां करून पाहतात.

ही रीत पोलंडचे गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांनीं १९५६ सालीं मांडली. अमेरिकेंतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत स्टुअर्ट लॉइड यांनीं १९५७ सालीं स्वतंत्रपणें तीच शोधून काढली, परंतु त्यांचा निबंध छापून निघाला १९८२ सालीं. दरम्यान १९६७ सालीं जेम्स मॅक्वीन यांनीं तिला "के-मीन्स" हें नांव दिलें, आणि आज जगभर ती याच नांवानें ओळखली जाते.

नवागताची परीक्षा

घराणीं तयार झालीं. आतां सातवा दगड आला. त्याचीं मापें (३, २). पहिल्या मध्यापासून त्याच्या अंतराचा वर्ग १, दुसऱ्यापासून ३६ + ३६ = ७२. तो पहिल्या घराण्याचा, यांत शंका नाहीं.

मग आठवा आला. त्याचीं मापें (५, ९). पहिल्या मध्यापासून ९ + ४९ = ५८, दुसऱ्यापासून १६ + १ = १७. सतरा हे अठ्ठावन्नांहून पुष्कळ कमी; तेव्हां घाईचें यंत्र त्याला ताबडतोब दुसऱ्या घराण्यांत बसवून मोकळें होईल. पण क्षणभर थांबा. त्या घराण्यांतील जुने दगड आपल्या मध्यापासून किती दूर आहेत, तें पाहा. त्यांच्या अंतरांचे वर्ग २, १ व १ असे आहेत. घरांतला सर्वांत दूरचा माणूसहि २ वर आहे आणि हा पाहुणा १७ वर! वर्गमूळें काढलीं तर जुन्यांचें अंतर फार तर १.४, आणि याचें ४.१, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हा दुसऱ्या घराण्याच्या जवळ आहे, पण त्या घराण्यांतला आहे असें म्हणावयास कांहींच आधार नाहीं. कदाचित् तो तिसऱ्याच एखाद्या घराण्याचा पहिला दगड असेल व त्याचे भाऊबंद अद्याप आपल्या हातीं लागलेले नसतील. अशा वेळीं वहींत "अनिर्णीत" असें लिहिणें हेंच शास्त्र होय.

कोणी म्हणेल, एका दगडानें काय बिघडतें? बिघडतें तें असें. त्याला दुसऱ्या घराण्यांत घेतलें आणि सरासरी पुन्हां काढली, तर मध्य (९, ८) वरून (८, ८.२५) वर सरकतो. एका परक्यासाठीं साऱ्या घराचा मध्य हालला. पुढें त्याच्यासारखाच आणखी एखादा आला तर तो आतां पूर्वींपेक्षां जवळचा भासेल, आणि आपण त्यालाहि आंत घेऊं. अशा रीतीनें पहिली चूक पुढच्या चुकांची साक्षीदार बनते, आणि शेवटीं त्या घराण्याच्या नांवाला कांहीं अर्थच उरत नाहीं.

मोजपट्टी कोणती?

आतांपर्यंत आपण दोन्ही मापें सारख्या तोलाचीं धरलीं. प्रत्यक्षांत तसें नसतें. बेसॉल्टांतील टिटॅनियमचें प्रमाण सामान्यतः शेंकडा १ ते ४ असें सांगतात; बेरियम दशलक्ष भागांत शंभर-दोनशें अशा आंकड्यांनीं मोजतात; आणि स्ट्रॉन्शियमचें गुणोत्तर तर दशांशचिन्हापुढें दुसऱ्या-तिसऱ्या स्थानीं बदलतें. हे आंकडे जसेच्या तसे घेऊन अंतर काढलें, तर बेरियममधील शंभराचा फरक सर्व हिशेब गिळून टाकील, आणि जी सर्वांत बोलकी खूण, ती ०.००९ ची, जणूं नव्हतीच असें होईल. यंत्र बिनचूक बेरीज करील, पण उत्तर मात्र निरुपयोगी निघेल. म्हणून प्रत्येक माप त्याच्या नेहमीच्या चढउताराच्या मानानें मोजावें लागतें.

यापुढचें पाऊल आपल्याच देशांतील एका शास्त्रज्ञानें टाकलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकविणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९३१ सालीं भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि १९३६ सालीं अंतर मोजण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तिचें मर्म असें: दोन मापें एकमेकांबरोबर कशीं चालतात, हेंहि हिशेबांत धरावें. उंच मुलाचें वजन अधिक असणें स्वाभाविक आहे. ठेंगण्याचें कमी असणेंहि स्वाभाविक. पण वर्गांतील सर्वांत उंच मुलाचें वजन सर्वांत कमी भरलें, तर उंचीहि वर्गाच्या पल्ल्यांत आणि वजनहि पल्ल्यांत असून तो मुलगा वेगळा ठरतो, व वैद्याला दाखवावा लागतो. साध्या अंतराला हें वेगळेपण नीटसें दिसत नाहीं. महालनोबिसांच्या अंतराला दिसतें. आज दूरदूरच्या दगडांचीं घराणीं ठरवितांना ज्या रीती वापरतात, त्यांत या अंतराचा उपयोग होतो.

राजमहेंद्री आणि जबलपूर

या शास्त्राच्या यशाचें एक सुंदर उदाहरण आंध्र प्रदेशांत आहे. गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीजवळ काळ्या बेसॉल्टचे कांहीं थर आहेत. दख्खनच्या सलग पठारापासून ते तुटलेले, आणि आपल्या सह्याद्रीपासून सुमारें १००० किलोमीटर दूर आहेत. ते तेथेंच बाहेर आले कीं पश्चिमेकडून वाहत गेले, असा वाद होता. पृथक्करण केल्यावर ते अंबेनळी व महाबळेश्वर या घराण्यांशीं जुळले. शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहींत. दगड गोठतांना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यांत ठसलेली असते. तीहि त्यांनीं ताडून पाहिली. वय मोजलें, तेंहि जुळलें. तीन स्वतंत्र साक्षी एक निघाल्यावर, २००८ सालीं सेल्फ व त्यांचे सहकारी यांनीं हे पृथ्वीवरील सर्वांत लांब शिलारसप्रवाहांपैकीं असावेत, असा विचार मांडला.

उलट बाजूचें उदाहरण चिखलदरा, महू व जबलपूर या ईशान्येकडील भागांत सांपडतें. तेथील कित्येक प्रवाह मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून पाहतां सह्याद्रीच्या घराण्यांसारखे दिसले. साध्या यंत्रानें त्यांना तीं नांवें देऊन टाकलीं असतीं. परंतु पेंग, महोनी व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत शिशाच्या समस्थानिकांचीं मापेंहि घेतलीं, आणि त्यांत पुष्कळांचा वेगळेपणा उघड झाला. चेहरा सारखा, पण रक्त वेगळें! राजमहेंद्रीस आणखी एक माप घेतल्यानें नातें दृढ झालें. जबलपुराकडे आणखी एक माप घेतल्यानें नातें तुटलें. दोन्ही ठिकाणीं सत्य हातीं आलें, तें पहिल्या उत्तरावर विसंबून न राहिल्यानें.

माणसांचीं घराणीं

सुज्ञ पालकहो, आतां थोडें आपल्याकडे वळूं. उल्हासनगरचे पांच कॅम्प सर्वांस ठाऊक आहेत. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांसाठीं उभारलेल्या छावणींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहूं लागले, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. कॅम्पांचे क्रमांक माणसांनीं सोयीसाठीं घातले. एखादें नवें घर तिसऱ्या कॅम्पांत पडतें कीं चौथ्यांत, हें हद्दीवरून ठरतें, आणि हद्द माणसांनीं आखलेली असते. ती हद्द पाहून आंत राहणाऱ्या माणसाचा स्वभाव कोणी सांगूं लागला, तर आपण त्याला हंसूं. दगडाचें घराणें निसर्गानें केलेलें, कॅम्प माणसानें केलेला, आणि पुंजका गणितानें केलेला. या तिहींची गल्लत होऊं देऊं नये.

अशी गल्लत झाली म्हणजे किती अनर्थ होतो, याची साक्ष आपल्याच इतिहासांत आहे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें केलेल्या एका कायद्यानें कित्येक जमाती सबंधच्या सबंध गुन्हेगार म्हणून नोंदल्या जाऊं लागल्या. अशा जमातींत जन्मलेलें मूल कसें आहे, हें पाहण्याची कोणास गरज वाटली नाहीं. त्याचें कोणतेंहि माप न घेतां त्याला घराण्याचें नांव चिकटविलें गेलें. तो कायदा स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं रद्द केला, आणि तेव्हांपासून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. परंतु कागदावरचा शिक्का पुसला तरी लोकांच्या मनांतला शिक्का पुसावयास फार काळ लागतो, हें महाराष्ट्रांतील विमुक्त कुटुंबें आजहि सांगतील.

आज हें काम संगणक करीत आहेत. कर्ज कोणास द्यावें, विम्याचा हप्ता किती घ्यावा, कोणत्या गिऱ्हाइकास कोणती जाहिरात दाखवावी, हें ठरवितांना माणसांचे पुंजके पाडून नवागताला जवळच्या पुंजक्यांत बसविण्याची रीत वापरतात. गुणांवरून मुलांचे गट पाडून देणारीं साधनेंहि निघालीं आहेत. या साधनांना आमचा विरोध नाहीं. ज्या मुलाला कोठें अडतें हें लवकर कळलें तर शिक्षकाला मदतच होते. पण तीं वापरणारांस आपण तीन प्रश्न विचारावेत, असें आम्ही सुचवितों. कोणतीं मापें घेतलीं व कोणतीं घेतलींच नाहींत? हा नवागत आपल्या पुंजक्यापासून किती दूर आहे? आणि "यांपैकीं कोणत्याच घराण्यांत नाहीं" असें म्हणण्याची मुभा त्या यंत्राला ठेविली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असें आलें, तर त्या यंत्राच्या निर्णयावर एखाद्या मुलाचें वर्ष किंवा एखाद्या कुटुंबाचें कर्ज सोंपवूं नये. चुकीच्या घराण्यांत ठेविलेल्या दगडाचें कांहीं बिघडत नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं उचलून दुसरीकडे ठेवतां येतो. मुलाचें तसें नाहीं. त्याला "मंद" या गटांत ठेविलें कीं तें स्वतःच त्या गटाच्या मध्याकडे सरकूं लागतें, आणि आपलें गणित बरोबर होतें असें आपल्याला वाटूं लागतें.

करून पाहण्याचा प्रयोग

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग. आंबा व करंज या झाडांखालून प्रत्येकीं दहा पक्कीं पानें आणा. प्रत्येक पानाची लांबी व रुंदी सेंटिमीटरांत मोजून आलेखाच्या कागदावर एकेक बिंदु मांडा. वर सांगितलेल्या रीतीनें दोन पुंजके पाडा आणि प्रत्येकाचा मध्य काढून ठेवा. आतां मित्राला एक नवें पान आणावयास सांगा, व तें कोणत्या पुंजक्यांत बसतें तें केवळ आंकड्यांवरून ठरवा. नंतर पिंपळाचें पान आणा. तें कोणत्या तरी पुंजक्याला अधिक जवळ असेलच, परंतु त्यास आंत घेण्यापूर्वीं जुन्या पानांचीं अंतरें पाहा.

सर्वांत शेवटीं आंब्याचें एक कोवळें, तांबूस, बोटाएवढें पान घ्या. आपले आंकडे त्याला कदाचित् आंब्याच्या पुंजक्यांत बसूं देणार नाहींत. तरी तें आंब्याचेंच आहे. अद्याप त्याची वाढ व्हावयाची आहे, एवढेंच. लांबी-रुंदीच्या जोडीला आणखी कोणतें माप घेतलें असतां हें पान आपल्या घराण्यांत परत येईल, याचा विचार करून उत्तर वहींत लिहा. घडी करून बोटांनीं चुरडून वास घेऊन पाहिल्यास कांहीं सुचेल.